नवीन होम थिएटर जोडलं, पण आवाज जुन्या स्पीकरपेक्षा वाईट वाटतोय. परत करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खोल सुरांसाठीचा वेगळा स्पीकर) असा नवा संच आणून चार दिवस झाले. संवाद दबल्यासारखे येतात, बास म्हणजे खालचे सूर घुमतात, मागचे स्पीकर बहुतेक वेळ गप्पच असतात. जुने दोन स्पीकरच बरे होते असं वाटायला लागलंय. मित्र म्हणतो, शंभर तास वाजू दे, आपोआप मोकळे होतील. थांबावं की परत करावेत?

परत करायची घाई करू नका, आणि नुसते थांबूही नका. नव्या स्पीकरबद्दलच्या काही तक्रारी कानाला सवय झाली की मावळतात. काही मात्र हजार तास वाजवले तरी तशाच राहतात, कारण दोष तारेत, जागेत किंवा एखाद्या सेटिंगमध्ये असतो. पंचाईत ही की पहिल्या आठवड्यात या दोन्ही तक्रारी सारख्याच वाटतात. माझ्याकडे डाव्या फ्रंट स्पीकरची तार उलटी जोडली गेली होती, लालची काळ्यात आणि काळ्याची लालमध्ये. ‘नवीन आहेत, मोकळे होतील’ या भरवशावर मी अडीच महिने तसाच ऐकत राहिलो. डग्ग्यातला जीव गेलेला, आणि गाणारा माणूस नेमका कुठे उभा आहे ते काही केल्या कळायचं नाही. त्या अडीच महिन्यांची हळहळ अजून वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तर पहिल्यांदा तारा. रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडलेत ते यंत्र, बंद करून, प्लग काढून, प्रत्येक तार दोन्ही टोकांना बघा. लाल लालमध्येच आहे ना? सोललेल्या तारेचा एखादा केसासारखा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही ना? तो टेकला तर शॉर्ट होऊन रिसीव्हर बंद पडतो, कधी कायमचा. मग दोन्ही फ्रंट स्पीकरवर स्टिरिओमध्ये फक्त बोलण्याचा आवाज लावा, एखादी बातमी चालेल. बरोबर मध्ये बसल्यावर बोलणारा दोन स्पीकरच्या मधोमध एका जागी जाणवला पाहिजे. आवाज डोक्याभोवती पसरल्यासारखा, कुठूनच न आल्यासारखा वाटला तर एक तार उलटी आहे.

मागचे स्पीकर गप्प असण्याची कारणं दोन. एक साधं आहे: चित्रपटात ते सतत वाजण्यासाठी नसतातच. पाऊस, गर्दी, मागून जाणारी गाडी, पार्श्वसंगीताची थोडी साथ, एवढंच त्यांचं काम. दुसरं कारण मात्र तपासायला हवं. टीव्हीचा आवाज एआरसीमधून (एचडीएमआय तारेतूनच टीव्हीचा आवाज परत पाठवण्याची सोय) रिसीव्हरला जात असेल आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार म्हणून ‘पीसीएम’ निवडलेलं असेल, तर बहुतेक टीव्ही दोनच चॅनल, म्हणजे दोनच स्पीकरपुरता आवाज, पुढे पाठवतात. तिथे ‘बिटस्ट्रीम’, ‘पास-थ्रू’ किंवा ‘ऑटो’ करा आणि रिसीव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बी किंवा डीटीएस या अनेक स्पीकरसाठीच्या आवाजाच्या प्रकारांचं नाव उमटतंय का पाहा. तिथे ‘स्टिरिओ’ दिसत असेल तर पाच स्पीकर घेऊन तुम्ही दोनचंच ऐकताय. कार्यक्रमच मुळात दोन चॅनलचा असेल तर गोष्ट वेगळी.

आता जागा. फ्रंट स्पीकर तुमच्या बसण्याच्या जागेपासून पाहिलं तर मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना २२ ते ३० अंशांवर हवेत. कोनमापक नको, टेप पुरते. अडीच मीटरवर बसत असाल तर दोघांमधलं अंतर साधारण १.९ ते २.५ मीटर. मागचे म्हणजे सराउंड स्पीकर पाच चॅनलच्या संचात खरं तर बाजूला असतात, ९० ते ११० अंशांवर, कानापेक्षा थोडे वर. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो म्हणून बरेच जण ते मागच्या भिंतीवर डोक्याच्या अगदी जवळ लावतात. मग एक स्पीकर कानात ओरडतो आणि दुसरा ऐकूच येत नाही.

संवाद दबतात म्हणालात, तिथे माझा पहिला संशय सेंटर स्पीकरच्या जागेवर. चित्रपटातले बहुतेक संवाद या एकट्या स्पीकरमधून येतात, आणि नेमका तोच टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकललेला असतो. पुढचा फळीचा भाग आवाज परतवतो, कप्पा घुमतो आणि माणसं डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी वाटतात. स्पीकर कप्प्याच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढा, खाली रबराचे तुकडे ठेवा आणि पुढची बाजू जरा उचलून तोंड तुमच्या कानाकडे करा. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण संवादांसाठी याहून मोठा फरक कुठलंच बटण करत नाही. त्यानंतरही कमी वाटलं तर सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवायला हरकत नाही.

पण संवाद दबण्याचं दुसरं, न दिसणारं कारण म्हणजे बासच. घुमणारा बास माणसाच्या आवाजावर पांघरूण घालतो. तुमच्या दोन तक्रारी मुळात एकच असण्याची शक्यता आहे, म्हणून सबवूफरवर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

खोल सूर खोलीत कसा वागतो हे एकदा समजलं की पुढचं सोपं जातं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ४० हर्ट्झच्या सुराची लाट साडेआठ मीटर लांब, तुमच्या खोलीपेक्षाही मोठी. अशा लाटा भिंतींवर आदळून एकमेकींत मिसळतात आणि ठरावीक सुरांना ठरावीक जागी फुगवतात किंवा गिळतात. खोली ५ मीटर लांब असेल तर असा पहिला सूर सुमारे ३४ हर्ट्झचा. तो समोरच्या आणि मागच्या भिंतीजवळ फुगतो आणि लांबीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. सोफा भिंतीला चिकटवून बसणाऱ्याला बास घुमतोय असं वाटतं, खोलीच्या मध्यावर बसणाऱ्याला सबवूफर बिघडलाय असं वाटतं, आणि दोघांचा सबवूफर ठणठणीत असतो. सोफा तीस-चाळीस सेंटिमीटर पुढे घेऊन पाहा. त्यात सबवूफर कोपऱ्यात असेल तर जमीन आणि दोन भिंती मिळून त्याचा जोर आणखी वाढवतात.

त्याची योग्य जागा शोधायची एक जुनी, खात्रीची युक्ती आहे. सबवूफर उचलून तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, हो, सोफ्यावरच. खोल बास असलेलं, प्रत्येक सूर वेगळा ओळखता येईल असं परिचयाचं गाणं लावा. मग जिथे जिथे सबवूफर ठेवता येण्यासारखा आहे तिथे तिथे गुडघ्यांवर बसून, डोकं जमिनीजवळ नेऊन ऐका. एखाद्या ठिकाणी एकच सूर गरगरेल, कुठे काहीच ऐकू येणार नाही, आणि एखाद्या जागी सगळे सूर सारख्या वजनाचे वाटतील. सबवूफरची जागा ती. स्पीकर आणि ऐकणारा यांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, म्हणून हे जमतं. माझ्याकडे ती जागा कोपरा सोडून भिंतीच्या साधारण एक तृतीयांशावर निघाली. तिथे सरकवल्यावर मला सबवूफरचा आवाज उलट थोडा वाढवावा लागला, आणि तरी घुमणं नव्हतं.

पडदे आणि गालिचा यांनी बास आवरत नाही, इतक्या लांब लाटेला कापडाची जाडी म्हणजे काहीच नाही. पण तुमची खोली उघडीबोडकी असेल, टाळी वाजवल्यावर झणझणीत प्रतिध्वनी येत असेल, तर स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये गालिचा अंथरा. तीक्ष्ण, कानाला बोचणारा वरचा आवाज त्याने नक्की मऊ होतो.

जागा ठरल्यानंतरच रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन करा, म्हणजे मायक्रोफोनने ऐकून तो प्रत्येक स्पीकरची पातळी आणि अंतर स्वतःच ठरवतो. आधी केलं असेल तर ते आता निरुपयोगी आहे, पुन्हा करायला हवं. मायक्रोफोन हातात धरू नका किंवा सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका. कॅमेऱ्याच्या स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर लावा. पंखा बंद, बोलणं बंद. झाल्यावर निकाल डोळे मिटून स्वीकारू नका. बरेच रिसीव्हर फ्रंट स्पीकरना ‘लार्ज’ ठरवतात आणि सगळा बास त्यांच्यावर टाकतात. ते ‘स्मॉल’ करा. हा अपमान नाही, ‘खालचे सूर सबवूफरकडे पाठव’ एवढाच त्याचा अर्थ. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झपासून सुरू करा. संच अगदी छोट्या स्पीकरचा असेल तर मात्र ८० त्यांना झेपणार नाही, १०० ते १५० लागेल. मग सबवूफर कुठे आहे ते कानाला कळायला लागतं, म्हणून तो समोरच्या बाजूलाच ठेवा. सबवूफरच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटण मात्र सगळ्यात मोठ्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवा. नाहीतर गाळणी दोनदा लागते आणि मधले सूर हरवतात.

कॅलिब्रेशननंतर सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसलं, तीन मीटरवर असताना साडेचार वगैरे, तर ते ‘दुरुस्त’ करू नका. रिसीव्हर खरं तर वेळ मोजत असतो. एका मिलिसेकंदात आवाज ३४ सेंटिमीटर जातो, आणि सबवूफरच्या आतल्या सर्किटला लागणारा उशीर तो अंतरात मिळवतो.

इतकं झालं की हात काढून घ्या. किमान दोन आठवडे काहीही बदलू नका. ‘सवय होण्याचा’ भाग आता सुरू होतो. तुमच्या मित्राचं म्हणणं अगदीच निराधार नाही, स्पीकरच्या पडद्याची कड सुरुवातीच्या वापरात किंचित मऊ होते. पण सबवूफर हातभर सरकवल्याने पडणाऱ्या फरकापुढे ते नगण्य आहे. बदलतो तो मुख्यतः आपला कान. जुन्या स्पीकरचा चेहरा आपल्या कानाने ‘बरोबर’ म्हणून धरून ठेवलेला असतो. टीव्हीचे बारके स्पीकर बास देतच नाहीत आणि मधले-वरचे सूर पुढे काढतात, म्हणून बोलणं टोकदार, लख्ख वाटतं. त्यानंतर भरलेला, समतोल आवाज आला की तो आधी जड आणि मंद भासतो. मला साधारण दहा-बारा दिवस लागले. एकदा सहज टीव्हीचेच स्पीकर लावले, तर बातमी सांगणारा पत्र्याच्या डब्यातून बोलत होता. वर्षानुवर्षं हाच आवाज मी ऐकत होतो यावर विश्वास बसेना.

जुन्या-नव्याची तुलना करायचीच तर दोन्हींची पातळी सारखी करून करा. जरा मोठा वाजणारा स्पीकर नेहमी चांगलाच वाटतो. आणि हळू आवाजात बास कमी वाटला तर घाबरू नका. कमी पातळीवर खालचे सूर आपल्या कानाला कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवलं होतं. चित्रपटांचं मिश्रण ८५ डेसिबलच्या संदर्भ पातळीवर होतं, घरी आपण त्यापेक्षा बरंच हळू ऐकतो. रिसीव्हरमध्ये डायनॅमिक ईक्यू किंवा लाउडनेस असेल तर तो यासाठीच आहे. रात्री कुजबुज ऐकू येत नाही आणि स्फोटाने घर जागं होतं, असं असेल तर ‘नाइट मोड’ लावा, त्यात कमीपणा काही नाही.

खरा दोष मात्र सवयीच्या नावाखाली पोटात घालू नका. एखादा स्पीकर हळू आवाजातही खरखरत असेल तर त्याची आणि शेजारच्याची तार रिसीव्हरच्या टोकाला बदलून पाहा. खरखर त्याच स्पीकरमधून येत राहिली तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या तारेत आहे, दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली तर रिसीव्हरमध्ये. पहिल्या बाबतीत तार बदलून खात्री करा. दोष स्पीकरचाच निघाला तर वाट न बघता बदलून घ्या. परतीची मुदत किती आहे ते आजच बघा, खोका आणि आतलं फोम जपून ठेवा, आणि तारा-जागा-कॅलिब्रेशन हे सगळं याच शनिवार-रविवारी उरका, म्हणजे कानाला द्यायचे दोन आठवडे मुदतीत बसतील. त्यानंतरही तासाभरात कान दुखत असतील किंवा संवादासाठी पुढे वाकावं लागत असेल, तर हा संच तुमच्या खोलीसाठी नाही. तेव्हा खुशाल परत करा.