मंत्रिमंडळाची मंजुरी आणि आपली विहीर

शिंदखेडा तालुक्यातील एका वाचकांनी विचारले आहे : मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाच्या भूसंपादन अधिसूचनेत आमचा गट क्रमांक आला असून शेतात खुणेचे दगड रोवले आहेत. विहीर मार्गाच्या एका बाजूला आणि निम्मी जमीन दुसऱ्या बाजूला राहणार आहे. दिल्लीची मंजुरी मिळाल्याने आता बोलून उपयोग नाही, हे खरे का?

खरे नाही. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी दिली, पण तेवढ्याने आपला एक गुंठाही रेल्वेचा होत नाही. संपादनाचा अधिकार रेल्वे अधिनियम, १९८९ मध्ये २००८ साली घातलेल्या तरतुदींतून येतो. कलम २०-ए ची अधिसूचना निघाल्यावर २०-बी नुसार मोजणी आणि खुणा करता येतात, म्हणून दगड बेकायदा नाहीत. मात्र अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत २०-डी खाली सक्षम प्राधिकाऱ्यांकडे, म्हणजे या संपादनासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे, लेखी हरकत घेता येते आणि सुनावणी मागता येते. पुढे २०-ई ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडे निहित होते, म्हणजे मालकी मोबदल्याआधीच जाते; ताबा मात्र रक्कम जमा झाल्यावर, साठ दिवसांची लेखी नोटीस देऊनच मागता येतो.

हरकतीत केवळ ‘रेल्वे नको’ लिहिल्यास ती फेटाळली जाण्याचीच शक्यता अधिक, शिवाय ज्या मार्गाची मागणी धुळ्यात अनेक दशके होत आली त्याबाबत सहानुभूतीही फारशी मिळणार नाही. विहीर, पाईपलाईन, झाडे आणि बागायत क्षेत्र संयुक्त मोजणीच्या पत्रकात आले आहे का, हे आधी पाहावे. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नसेल किंवा बागायत जमीन जिरायत दाखवली असेल, तर तलाठ्यांकडे दुरुस्तीचा अर्ज आजच द्यावा व त्याची पोहोच हरकतीस जोडावी. निवाड्यानंतर, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश निघाल्यावर, हे सिद्ध करणे फार जड जाते. मोबदला २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील निकषांनी, म्हणजे ठरलेल्या भरपाईइतकीच आणखी (शंभर टक्के) दिलासा रक्कम धरून ठरला पाहिजे. तो कमी वाटल्यास रक्कम लेखी हरकत नोंदवून स्वीकारावी आणि २०-एफ खाली लवादाकडे जावे.

दुभंगलेल्या शेतासाठी रेल्वे अधिनियमाचे कलम १६ महत्त्वाचे आहे. लगतच्या जमीनधारकांसाठी ओलांडणीची वाट, मोरी आणि पाणी नेण्याची सोय करणे रेल्वेवर बंधनकारक आहे; परंतु अशा सोयीऐवजी आपण पैसे स्वीकारले, तर ते बंधन उरत नाही. म्हणून वाट किंवा पाईपलाईनचा हक्क सोडल्याचे वाक्य कोणत्याही संमतीपत्रात आढळल्यास, वकिलांना दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नये.