विरोधासाठी विरोध?

प्रश्न : सत्तेत असताना ज्या धोरणाचा हिरिरीने पुरस्कार केला, त्यालाच विरोधी बाकांवर गेल्यावर पक्ष कडाडून विरोध करतात आणि सभागृहही बंद पाडतात. अशा विरोधाचा उपयोग काय? सर्वांनी मिळून देशहिताचे काम का करू नये?

उत्तर : आपला उद्वेग रास्त आहे, भूमिकांच्या अशा कोलांटउड्यांचे समर्थन होऊ शकत नाही. मात्र ‘सर्वांनी मिळून’ ही अपेक्षा मला तितकीशी निर्धोक वाटत नाही. करांचा भार कोणावर टाकावा, जमीन कोणत्या कामासाठी संपादित करावी, अशा बाबतींत देशहित नेमके कशात आहे यावरच प्रामाणिक मतभेद असतात आणि ते उघडपणे मांडता यावेत म्हणूनच एकाहून अधिक पक्ष लागतात. ब्रिटनने १९३७ मध्ये आणि भारताने १९७७ मध्ये कायदा करून विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वेतन दिले, ते सरकारला धारेवर धरणे हेही राज्यकारभाराचेच काम आहे, हे ओळखून.

हे काम नीट चालते तेव्हा कसे दिसते, हे आपल्या संसदेच्या लोकलेखा समितीत पाहता येते. तिच्या २२ सदस्यांत बहुमत सहसा सत्ताधाऱ्यांचे असते, परंतु १९६७ पासूनच्या प्रथेनुसार अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो आणि मंत्र्याला तिचे सदस्य होता येत नाही. महालेखापरीक्षकांचा अहवाल समोर ठेवून खात्याच्या सचिवांना खर्चाचा जाब विचारला जातो. बैठका बंद दाराआड होत असल्याने तेथे प्रेक्षकांसाठी बोलण्याचे कारण उरत नाही, आणि मतभेद असले तरी ते आकड्यांना धरून असतात.

याउलट सभागृह बंद पडले की प्रश्नोत्तराचा तास वाया जातो, मंत्र्याची उत्तर देण्यापासून आयती सुटका होते आणि गोंधळातच विधेयके चर्चेविना संमत होतात. म्हणजे नुकसान सर्वाधिक विरोधकांचेच होते. अर्थात चर्चेची मागणी सतत फेटाळली जात असेल, तर गोंधळाचा सारा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

आपण वर्णिलेल्या कोलांटउडीमागे आणखी एक कारण आहे, ज्याकडे फारसे लक्ष जात नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या तरतुदीनुसार पक्षादेश झुगारून मतदान करणाऱ्या सदस्याची सदस्यताच जाऊ शकते. घोडेबाजार रोखण्यासाठी हे आवश्यक मानले गेले. पण त्यामुळे एखाद्या विधेयकावर स्वपक्षाची भूमिका पटत नसली, तरी सदस्याला मतदानातून तसे दाखवण्याची सोय जवळजवळ राहिली नाही. माझ्या मते पक्षादेशाची ही सक्ती विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्प यांच्यापुरतीच ठेवावी आणि इतर विधेयकांवर सदस्यांना आपल्या विवेकानुसार मत देऊ द्यावे.