गरम जॉब आणि काकांची डायरी

प्रश्न : मी २५ वर्षांचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. आमचे सीएनसी सेटर (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन लावून देणारे) काका रिटायरमेंटला आलेत. अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगचा बोअर (बेअरिंग बसायचं भोक) झाला की लगेच मापू देत नाहीत, ‘पडू दे जरा’ म्हणतात. रीडिंगही टॅबवर टाकत नाहीत, खिशातल्या डायरीत लिहितात. उशिराबद्दल मॅनेजर मला झापतात. काकांना विचारलं की, ‘तुझ्याएवढा मुलगा आहे माझा!’ काय करू?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : मापाच्या बाबतीत काका बरोबर आहेत. माझी उभी नोकरी लेथवर गेली, म्हणजे मी त्यांचीच बाजू घेणार असं तुला वाटेल. म्हणून हिशेबच मांडतो. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं. बोअर १०० मिमीचा धर. उतरवताना जॉब, म्हणजे मशीनवरचा तो भाग, १५ अंशांनी जास्त गरम असेल, तर बोअर जवळजवळ ३५ मायक्रॉन मोठा दिसणार. आणि १०० मिमीला एच७ची (बोअरच्या अचूकतेचा ठरलेला दर्जा) सगळी टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरक, ३५ मायक्रॉन! म्हणजे गरम असताना तू मधल्या मापाला पास केलेला बोअर गार झाल्यावर सरळ अंडरसाइज. बेअरिंग बसत नाही, पार्टी माल परत पाठवते, आणि झापणी तेव्हाही तुलाच. (मे महिन्यात आपल्याकडे कूलंटसुद्धा कोमट असतं, ते वेगळंच.)

उशिरावर उपाय आहे. सेटिंगनंतरचा पहिला जॉब पूर्ण गार होऊ दे, तिथे घाई नको. नंतरचे ओळीने ट्रेमध्ये ठेव. पुढचा मशीनवर असताना मागचा माप.

डायरीचं मात्र काकांचं चुकतंय. ते रिटायर झाले की डायरी त्यांच्याबरोबर घरी जाणार. पण सगळ्या शॉपसमोर त्यांच्या हातात टॅब देऊन चष्मा शोधायला लावू नकोस. त्यांनी आकडे वाचावेत, तू टाइप कर. एक कॉलम वाढव : मापताना जॉबचं तापमान. त्यासाठी लेझरची बंदूक नको, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती कमी दाखवते. टेकवायचा प्रोब घे. त्याच जॉबची गरम आणि गार रीडिंग आठवडाभर घेऊन मॅनेजरपुढे ठेव, वर दोघांची नावं घाल.

आणि मुलाचं म्हणशील, तर तो काय करतो हे विचारलंस का कधी? जेवणाच्या सुट्टीत सेव उसळ खायला ने त्यांना. ‘उशीर का?’ एवढंच विचारलं की माणूस वय काढतो. ‘जॉब गार झाला हे हाताला कसं कळतं?’ विचार, सुट्टी संपेपर्यंत बोलतील.