विसरणाऱ्या माणसाला रोज वार विचारू नका

“मॅडम, ताई ची केलं की विसरायचं थांबतं म्हणे. खरं काय हो?”

हा प्रश्न मी बेळगावकडच्या शहापूर, वडगाव, अनगोळ, खानापूर आणि निपाणीच्याही लोकांकडून ऐकलाय. विचारणारी बहुधा सून किंवा लेक असते, हातातल्या फोनवर पांढऱ्या कपड्यांत ताई चीचा संथ व्यायाम करणाऱ्या चिनी आजोबांचा व्हिडिओ असतो. सोबत आणलेले आपले आजोबा मात्र गप्प.

थांबत नाही, हे आधी सांगून टाकते. काही जणांमध्ये विसरण्याचा वेग कमी होतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. पण ते कसं केलं आणि घरात त्याभोवती काय चाललंय, यावर फार काही ठरतं. एका घराचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत, अनेक भेटींचं थोडक्यात केलंय.

आप्पा सत्तरी ओलांडलेले, निवृत्त बस कंडक्टर. नोकरीतली बरीच वर्षं बेळगाव–कोल्हापूर गाडीवर. मुलगा उद्यमबागेत फौंड्रीत. तक्रार सुनेनं मांडली: मामंजी चहा घेऊन परत चहा मागतात, चष्मा देवघरात ठेवतात, लग्नात सख्ख्या मेव्हण्याचं नाव आठवेना. आप्पांच्या पत्नी आक्का, त्यांनी भर घातली, “परवा भाजी आणाय गेले आन् पिशवी दुकानातच ठेवून आले.”

अशा वेळी मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या, उदासी, कमी ऐकू येणं, ही सगळी विसरभोळेपणाचं सोंग घेऊन येतात. आप्पांचं बी-१२ कमी निघालं आणि डाव्या कानानं कमी ऐकू येत होतं. म्हणजे घरच्यांच्या लेखी ‘विसरलेल्या’ कितीतरी गोष्टी त्यांनी ऐकल्याच नव्हत्या! इंजेक्शनं झाली, कानाला मशीन आलं. तरी थोडा विसर उरला. वयाच्या मानानं जास्त, पण स्वतःचे व्यवहार स्वतः करता येतील इतपत, असं डॉक्टरांनी सांगितलं. या पायरीवरची काही माणसं पुढे डिमेन्शियाकडे, म्हणजे रोजचे व्यवहारही जमेनासे होतात अशा स्मृतिभ्रंशाकडे जातात, काही तिथंच राहतात, काही सुधारतातही. आपल्या देशात साठीपुढच्या शंभरातल्या सुमारे सात जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. याचा अर्थ विसरणाऱ्या प्रत्येकाला डिमेन्शिया असतोच असं नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत माझ्या लक्षात आलं की, प्रश्न मी आप्पांना विचारते आणि उत्तर आक्का देतात. सून दुरुस्ती करते. मुलगा आला तर तो दुरुस्तीची दुरुस्ती करतो.

मी म्हटलं, “आता थोडा वेळ फक्त आप्पा बोलतील. आप्पा, घरात दिवस कसा जातो?”

ते बराच वेळ हाताच्या नखांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, नोकरीत चेकिंगवाले महिन्या-दोन महिन्यातनं एकदा गाडीत चढायचे. आता घरात चौघं हाईत. रोज चढालेत.”

“काय तपासतात?”

“आज वार काय, सकाळी काय खाल्लं, नातवाची शाळा कुठली. माहीत असतंय हो. पण विचारलं की छातीत धस्स होतंय आन् जातंय.”

आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आम्ही त्यांच्या चांगल्यासाठीच विचारतोय की,” त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. कुणीतरी सांगितलेलं, रोज प्रश्न विचारले की मेंदू तल्लख राहतो.

माझा कल पहिल्यापासून घराकडे बघण्याचा आहे. माणूस एकटा येऊन खुर्चीत बसला तरी त्याचं घर सोबत आलेलं असतं. आप्पांची आठवण थोडी अधू होती हे खरं, पण तिच्यावर पहारा बसला होता. भीती वाटली की सगळं लक्ष भीतीकडे जातं आणि आठवायला काही उरत नाही. हे दहावीच्या मुलांमध्ये आपण ओळखतो, म्हाताऱ्यांमध्ये ओळखत नाही. त्या दिवसापासून घरातली तोंडी परीक्षा बंद करायला सांगितली. ‘आज वार काय’ असं विचारायच्या ऐवजी ‘आज शनिवार, मारुतीला जाऊया’ असं म्हणायचं. इतकंच.

मग ताई चीकडे वळलो. आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली होती. कॉरिडॉरमधून येताना आप्पा बोलायला लागले की थांबायचे, वाक्य संपलं की पुढं पाऊल. चालणं आणि बोलणं एकत्र जमेना. 1997 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी नेमकं हेच टिपलं होतं: बोलताना थांबणारे वृद्ध पुढे जास्त पडतात. ताई ची इथं उपयोगी पडते. गुडघे किंचित वाकवून वजन सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं, हात वेगळ्या दिशेनं, पुढची हालचाल डोक्यात तयार. शरीर आणि लक्ष एकाच वेळी कामाला लागतात.

अमेरिकेत ओरेगॉनमध्ये फूझोंग ली यांच्या गटानं 2023 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्मरणाची तक्रार असलेले किंवा सौम्य घसरण झालेले, पासष्टीपुढचे 318 जण, आठवड्यातून दोनदा एकेक तास, 24 आठवडे, घरबसल्या व्हिडिओ कॉलवर. एका गटाला नुसतं स्ट्रेचिंग, दुसऱ्याला साधी ताई ची, तिसऱ्याला हालचाली करता करता शब्दांची अक्षरं सुलटी-उलटी सांगण्यासारखी कामं. तीस गुणांच्या चाचणीत तिसरा गट स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा सरासरी 2.8 गुणांनी आणि साध्या ताई चीवाल्यांपेक्षा 1.5 गुणांनी पुढे गेला. जादू नाही. पण या वयात आणि गोळीशिवाय, मी याला मोठं मानते.

कॅम्पात कराटे शिकवणारा एक मुलगा ताई ची जाणतो. त्यानं थोड्याच हालचाली निवडल्या, मागे खुर्ची ठेवली. पहिल्या दिवशी आप्पा अवघडले. तो म्हणाला, “आजोबा, वजन उजव्या पायावर घ्या, आता सावकाश डाव्या.” आप्पा एकदम हसले. “अरे, हे तर तवंदी घाटात गाडीत उभं राहाणं! दांडी न धरता तिकिटं फाडलीत मी.” आणि खरंच, ज्यांना घरात चहा आठवत नव्हता त्यांच्या पायांना सगळं आठवत होतं.

मग अक्षरांच्या खेळाऐवजी आम्ही त्यांचा मार्ग घेतला. हात ढगासारखे फिरवत एका बाजूला जाताना काकती, होनगा, वंटमुरी, हत्तरगी, संकेश्वर, निपाणी, कागल. परत येताना उलट. उलट येताना संकेश्वरनंतर अडले. सून बोलणार तेवढ्यात मी तिच्याकडे बघितलं, ती ओठ मिटून राहिली. आप्पा पाय न थांबवता म्हणाले, “पंक्चर झालंय, थांबा जरा,” आणि दोन फेऱ्यांनी हत्तरगी सापडलं. ती पोरगी तेव्हा जे गप्प राहिली, ते माझ्या मते सगळ्या उपचारात भारी होतं. पुढं आक्काही त्यांच्या शेजारी उभ्या राहू लागल्या. हालचाली मराठीत मोजायच्या, परतताना कानडीत ओंदु, येरडु, मूरु. भाषेवरून इथं कितीही भांडणं होवोत, दोन भाषांत जगणं आपल्या फायद्याचं असू शकतं: हैदराबादला 648 डिमेन्शिया रुग्णांच्या अभ्यासात (2013) दोन भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाल्याचं दिसलं.

सहा महिन्यांनी डॉक्टरांच्या चाचणीत आप्पा जवळपास तिथंच होते. घसरले नाहीत. नावं अजून निसटतात. पण बँकेत एकटे जातात आणि बोलता बोलता चालतात.

तुमच्या घरी सुरू करणार असाल तर रक्तदाब, चक्कर, गुडघे आधी डॉक्टरांना दाखवा. शेजारी भिंत किंवा खुर्ची हवी. चालू औषधं बंद करू नका. माणूस ओळखीच्या गल्लीत हरवला, पैशांचा हिशेब चुकू लागला, गॅस उघडा राहू लागला किंवा स्वभावच पालटला, तर व्यायामाच्या भरवशावर थांबू नका. चार-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खानापूरकडच्या एका बाईंनी विचारलं, आमच्या गावात हे चिनी कोण शिकवणार? मी त्यांना विचारलं, लेझीम कुणाला येते? भजनातली पावली? क्रम लक्षात ठेवायचा, तोल सांभाळायचा, तोंडानं म्हणायचं आणि चारचौघांत करायचं, हे सगळं त्यातही आहे. त्यावर ओरेगॉनसारखा अभ्यास हाताशी नाही, तरी काहीच न करण्यापेक्षा मी ते डोळे झाकून सुचवते. आठवड्यातून दोनदा तरी, संथ लयीत, आणि घरातल्या कुणीतरी सोबत उभं राहून. त्यांचे मालक पूर्वी गावच्या लेझीम पथकात होते म्हणे. पुढच्या भेटीला दोघांना बोलावलंय.