सात नंबर नसेल तर

जळगाव, रविवार

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची मुख्य खेळाडू, सात नंबरची जर्सीवाली, पोटरी दुखावून बसलीय आणि नाशिकची विभागीय स्पर्धा तोंडावर आलीय, त्यावरचा तुझा मेसेज वाचला. 'सर, सात नंबरशिवाय विभाग निघेल का?' आणि पुढे चार प्रश्नचिन्हं. फोनवर बोललो असतो तर तू 'हो सर, पण सर' करत बसली असतीस, म्हणून लिहून पाठवतोय. मुख्याध्यापकांना दाखवायचं असेल तर खुशाल दाखव, फक्त शेवटचं पान काढून घे.

सरळ उत्तर आधी देतो. तिच्याशिवाय एक मॅच निघेल, नशीब बरं असलं तर दोन. राज्याला गेल्यावर मात्र तिच्याविना तुमचा निभाव लागणं कठीण. पण पोटरी दुखत असताना तिला उतरवलंस, तर ही स्पर्धाही जाईल आणि पोरगीही हातची जाईल.

कोचिंगच्या शिबिरात विलिस रीडची गोष्ट कुणीतरी सांगतंच, तूही ऐकली असशील. १९७० ची एनबीए, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगची फायनल, न्यूयॉर्क निक्स आणि लॉस एंजेलिस लेकर्स. तिथं फायनल म्हणजे सात मॅचपर्यंतची मालिका, आधी चार जिंकेल तो विजेता. निक्सचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, रीड पाचव्या मॅचमध्ये मांडीचा स्नायू फाटून पडला, सहावी खेळला नाही आणि सातव्या मॅचला इंजेक्शन घेऊन लंगडत कोर्टवर आला. अख्खं स्टेडियम उभं राहिलं. त्याने सुरुवातीलाच दोन शॉट टाकले, दोन्ही पडले, आणि निक्स ११३-९९ ने जिंकले. गोष्ट इथं संपते आणि पोरांच्या अंगावर काटा येतो. स्कोअरशीट कुणी काढून बघत नाही. त्या मॅचमध्ये रीडचे एकूण गुण चार. वॉल्ट फ्रेझरचे ३६, वर १९ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याला बास्केट मिळवून देणारे पास.

मला त्या मालिकेतली पाचवी मॅच जास्त कामाची वाटते. रीड पहिल्या क्वार्टरमध्येच पडला, निक्स मागे होते, आणि समोर विल्ट चेंबरलेन, सात फूट एक इंचाचा. त्याला आत रेटून धरील असा माणूस निक्सकडे उरला नव्हता. मग त्यांनी उंची सोडून पळणारी माणसं उतरवली. लेकर्सना वाटलं, आता काय, बॉल विल्टला द्या आणि मोकळे व्हा. बॉल आत ढकलायच्या नादात ते तो घालवतच बसले. निक्स १०७-१०० ने जिंकले. पुढच्या मॅचला काय झालं? विल्टने ४५ गुण केले, निक्स १३५-११३ ने आपटले. टीम तीच होती आणि रीड दोन्हीकडे बाहेरच बसलेला. फरक इतकाच की मधल्या वेळात लेकर्सनी बसून हिशोब जुळवला.

यातच तुझं उत्तर आहे. मोठा खेळाडू अचानक बाहेर गेला की पहिला गोंधळ समोरच्या टीमचा होतो, कारण त्यांची सगळी तयारी त्याच्यासाठी असते. तो गोंधळ टिकतो तोवर तुमचं राज्य. १९८० साली लेकर्सचा करीम अब्दुल-जब्बार घोटा मुरगळल्यामुळे फायनलच्या सहाव्या मॅचला गेलाच नाही. वीस वर्षांचा, पहिल्याच मोसमातला मॅजिक जॉन्सन त्याच्या जागी सेंटरला उभा राहिला आणि ४२ गुण, १५ रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), ७ असिस्ट करून आला. समोरच्या फिलाडेल्फियाला उत्तर शोधायला दुसरी मॅचच मिळाली नाही, मालिका तिथंच संपली.

मालिका लांबली की चित्र फिरतं. मायकेल जॉर्डन निवृत्त झाल्यावर १९९३-९४ मध्ये शिकागो बुल्सने साखळीत ५५ मॅच जिंकल्या, त्याच्यासह आदल्या वर्षी जिंकलेल्यांपेक्षा फक्त दोन कमी. लोक म्हणाले, बघा, जॉर्डन नसला तरी चालतं. प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, दुसऱ्याच फेरीत निक्सनी त्यांना सातव्या मॅचला घरी पाठवलं. २०१८ मध्ये बोस्टन सेल्टिक्स कायरी अर्विंग आणि गॉर्डन हेवर्ड या दोघांशिवाय दोन फेऱ्या काढून पुढे आले, क्लीव्हलँडवर मालिकेत ३-२ अशी आघाडीही घेतली. सातव्या मॅचला स्वतःच्या घरच्या कोर्टवर त्यांनी ३९ थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन गुणांचे शॉट, मारले, पडले सात. समोर क्लीव्हलँडचा लेब्रॉन जेम्स होता, खेळून खेळून तावून निघालेला. बोस्टनचा भार वाहत होती विशी-एकविशीची पोरं.

आपली स्पर्धा बाद पद्धतीची. एका टीमशी एकदाच गाठ. हे तुझ्या पथ्यावर पडणारं आहे. पण फार हुरळून जाऊ नकोस. जिल्ह्याच्या फायनलला भिंतीवर बसलेली निम्मी पोरं मोबाइलवर शूटिंग करत होती, त्यातलं नाशिकला पोचलेलं असणार. शिवाय हुशार कोचला दुसरी मॅच लागतच नाही, हाफ टाइम पुरतो. २०२५ च्या फायनलमध्ये सातव्या मॅचला इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन पहिल्या क्वार्टरमध्येच जायबंदी झाला. तरी मध्यंतराला इंडियाना एका गुणाने पुढे होती! तिसऱ्या क्वार्टरमध्ये ओक्लाहोमाने बॉल आणणाऱ्यांनाच असं धरलं की मॅच तिथंच फिरली, १०३-९१. म्हणजे सात नंबर नसताना तुझी खरी परीक्षा तिसऱ्या क्वार्टरपासून. पहिल्या वीस मिनिटांत जे चाललं तेच पुढे चालू ठेवलंस तर मार खाशील. पहिला हाफ मॅन टू मॅन (एकीने एकीला धरायचं) खेळलीस तर दुसऱ्याची सुरुवात झोनने (प्रत्येकीने आपली जागा राखायची) कर, आणि बॉल वर, म्हणजे समोरच्यांच्या बाजूला, आणणारी मुलगी बदल.

आता आपली ती जिल्ह्याची फायनल. मी नळाजवळच्या पायरीवर होतो, तुझ्या लक्षात नसेल. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सात नंबर बेंचवर आली, बूट काढून पोटरी चोळत बसली. तेव्हा बॉल अकरा नंबरकडे गेला. पोरीचे हात चांगले आहेत, बॉल खाली न बघता मारते. पण ती अर्ध्या रेषेच्या अलीकडे थांबली आणि बेंचकडे बघायला लागली. समोर तिला अडवायला कुणी आलंही नव्हतं. रेफ्री हाताने सेकंद मोजतोय, तू ओरडतेस 'चल, चल', आणि ती सात नंबरकडे बघतेय! बॉल आठ सेकंदांत अर्ध्या रेषेपलीकडे न्यावा लागतो, ते आठ सेकंद झाले, शिट्टी. पुढच्याच वेळी पुन्हा तेच, या वेळी तिने घाईत पास फेकला तो थेट बाहेर.

त्या पोरीला खेळ येत नाही असं नाही. चार महिन्यांत सरावात कुणी तिला बॉल वर आणू दिलेला नाही. अडलं की सात नंबरला द्या, ही सवय तुमच्या टीमला लागलीय आणि जिंकत होता तोवर ती कुणाला खुपली नाही. विभागाला समोरचा कोच बॉक्स अँड वन लावणार, लिहून ठेव. चौघी झोनमध्ये आणि एक सात नंबरच्या पदराला धरून. २०१९ च्या फायनलमध्ये टोरंटोने गोल्डन स्टेटच्या स्टेफ करीला हेच लावलं होतं. शाळेच्या पोरींना लावतात ते जगातल्या सगळ्यात भारी शूटरला लावलं म्हणून लोक हसले, पण शेवटच्या काही मिनिटांत गोल्डन स्टेटचं बास्केट होईना. ती मॅच शेवटी सोडवली कुणी, तर करीच्याच टीममधल्या इगुडालाने. त्याला कुणी धरलंच नव्हतं, त्याने थ्री मारला आणि १०९-१०४ ने सुटले. म्हणजे सात नंबर ठणठणीत असली तरी अकरा नंबरला हे जमवावंच लागणार आहे.

म्हणून उद्यापासून सकाळच्या सरावात सात नंबर कोर्टच्या बाहेर, खुर्चीवर. तिला स्कोअर लिहायला दे, नाहीतर ती उठून सूचना देत बसेल. अकरा नंबर बॉल आणेल, समोर तुझ्या दोन दांडगट पोरी तिला अडवायला लाव, आणि तू एकदाही ओरडू नकोस. दोन दिवस ती चुकेल, बॉल घालवेल, रडेलही. तिसऱ्या दिवशी बघायचं सोडेल. शेवटच्या दोन मिनिटांत शॉट कोण मारणार हे आत्ताच ठरव आणि सगळ्यांसमोर सांग. माझं मत चार नंबर. तिचा शॉट दिसायला ओबडधोबड आहे, पण ती शॉट चुकला तरी पुढचा मारते, आणि बाकीच्या चुकल्या की लपतात. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट, दमलेल्या अवस्थेत मारून घे, कोर्टला फेऱ्या मारल्या की लगेच. ताज्या पायांनी मारलेल्या फ्री थ्रोचा काही उपयोग नसतो.

आणखी एक चावटपणा सुचवतो. सात नंबरचं नाव यादीत ठेव, तिला जर्सी घालून वॉर्म-अपला ने आणि एका जागी उभं राहून फ्री थ्रो मारू दे. समोरच्यांनी तिच्यासाठीच तयारी करावी. मॅच सुरू झाली की ती बेंचवर.

(हे पान काढून घे.)

पोटरीचं सांगतो. २०१९ मध्ये गोल्डन स्टेटच्याच केव्हिन ड्युरंटची पोटरी दुखावली, तो महिनाभर बाहेर होता. त्याच्याशिवाय गोल्डन स्टेटने ह्यूस्टनला संपवलं, पोर्टलंडला ४-० ने धुतलं. फायनलमध्ये ३-१ ने मागे पडल्यावर त्याला उतरवलं. बारा मिनिटांत ११ गुण केले, आणि त्याच पायाचा अकिलीस टेंडन (टाचेमागची जाड शीर) तुटला. ती मॅच टीम एका गुणाने जिंकली, मालिका पुढच्याच मॅचला हरली, आणि ड्युरंटचं पुढचं अख्खं वर्ष गेलं. हॅलिबर्टनलाही आधी पोटरीच दुखत होती, तुटला तो त्याच पायाचा अकिलीस. पोटरी दुखली म्हणजे टेंडन तुटतोच असं नाही. पण पोटरीचे स्नायू खाली त्याच टेंडनमध्ये उतरतात, हे तूही बीपीएडला (शारीरिक शिक्षणाच्या पदवीला) शिकली आहेस.

उलटं उदाहरणही आहे. २०२१ मध्ये यानिस अँटेटोकुन्पोचा गुडघा उलटा वाकला. बघणाऱ्यांनी डोळे झाकून घेतले होते, वाटलं संपलं. तपासणीत लिगामेंट शाबूत निघाली. दोन मॅच त्याला बसवलं, त्या दोन्ही त्याच्या मिलवॉकी टीमने त्याच्याशिवाय जिंकल्या. मग तो फायनलला आला आणि शेवटच्या मॅचला ५० गुण करून ट्रॉफी घेऊन गेला. म्हणजे वरून बघून कळत नाही, तिच्या 'सर, आता बरं वाटतंय' वरूनही नाही. त्या वयात मीही, तूही, सगळे तेच म्हणायचो. फिजिओकडे ने. एका पायावर उभं राहून टाच उचलायला लाव, दुखऱ्या पायावर चांगल्या पायाइतक्या वेळा उचलता येते का बघ. मग एका पायावर उड्या, मग पळता पळता दिशा बदलणं. यातलं एकही दुखलं तर मॅच नाही. गोळी घालून तर मुळीच नाही. दुखणं झाकलं की पाय सांगायचं बंद करतो, फाटायचं नाही.

आता माणसांचं. मुख्याध्यापक म्हणतील, संस्थेच्या अध्यक्षांना शब्द दिलाय. तिचे वडील फोन करतील, 'मॅडम, पोरगी खेळनार ना?' बारावीचं वर्ष, सवलतीच्या गुणांचा विषय, त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. कापसाच्या वेचणीतून वेळ काढून तो माणूस जिल्ह्याच्या मॅचला आला होता. पण त्याला समोर बसवून पायाचं नीट सांग, फोनवर नको, आणि फिजिओने जे लिहून दिलं असेल तो कागद हातात दे. मुख्याध्यापकांनाही तोच कागद. कोच म्हणून निर्णय तुझा आहे, आणि तो पोरीच्या तोंडून वदवून घेऊ नकोस. 'तुला वाटत असेल तर खेळ' असं म्हणालीस की ती खेळणारच.

तिने मात्र नुसतं बसू नये. टाइम आउटला तिला बोलू दे, समोरच्यांची कोणती पोरगी डाव्या हाताला कच्ची आहे हे तिला तुझ्याआधी दिसतं. आणि ती बसली म्हणून गावात कुणी 'गरज सरो वैद्य मरो' करायला लागलं, तर टीमच्या बाजूने आधी तू बोल.

नाशिकला एसटीने नेऊ नकोस. जळगावहून रेल्वेने नाशिक रोडला जा, पोरींना पाय लांब करता येतील. एक दिवस आधी पोच. तिथं लाकडी कोर्ट मिळालं तर बॉल आपल्या सिमेंटपेक्षा वेगळा उसळतो, हाताला सवय लागायला तासभर तरी हवा. आदल्या रात्री शेवभाजीचा हट्ट धरतील, धरू दे, घेऊ नकोस. पिशवीत केळी ठेव, ती तर आपल्याकडे उकिरड्यावर पडावीत इतकी आहेत.

फिजिओ काय म्हणतो ते कळलं की फोन कर. दुपारी एक ते चार नको, मी झोपलेला असतो.

तुझा,
सर