सिग्नलला इंजिन थरथरते, प्लग बदलूनही फरक नाही. घरच्या घरी कारण कसे शोधावे?

आपण लिहिले आहे की आपली गाडी 2014 ची, चार सिलिंडरची, मूळ पेट्रोलची असून पुढे तिला सीएनजी किट बसवले आहे. सिग्नलला उभी राहिली की इंजिन थरथरते आणि रेस दिली की सुरळीत होते. त्रास पेट्रोलवरही आहे आणि गॅसवरही. प्लग व एअर फिल्टर नवे आहेत, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करून झाली आहे आणि आता गॅरेजमध्ये चारही इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) बदलायला सांगत आहेत.

इंजेक्टर बदलायला आत्ताच होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण आपल्याच वर्णनात आहे. गाडी गॅसवर चालू असताना पेट्रोलचे इंजेक्टर किटने बंद ठेवलेले असतात, त्यामुळे त्यांच्यातला दोष गॅसवर दिसण्याचे कारणच नाही. त्रास फक्त पेट्रोलवर असता तर इंजेक्टर, पंप किंवा फिल्टरकडे बोट दाखवता आले असते आणि फक्त गॅसवर असता तर रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅसची रेल (गॅसचे इंजेक्टर बसवलेली नळी) किंवा किटचे ट्यूनिंग तपासावे लागले असते. दोन्ही इंधनांवर सारखाच त्रास असेल, तर दोन्हींना समाईक असलेल्या तीनच गोष्टी उरतात: ठिणगी, हवा आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाणे). या तिन्हींची तपासणी घरी, साध्या साधनांनी, पार्ट विकत न घेता करता येते.

सुरुवात करण्यापूर्वी गाडी मोकळ्या हवेत, सपाट जागी, न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक लावून उभी करावी. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये. रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो, म्हणून बाह्या, ओढणी आणि हात त्यापासून दूर ठेवावेत. सीएनजीच्या टाकीपासून रिड्यूसरपर्यंतच्या जाड नळीला घरी अजिबात हात लावू नये. भरलेल्या टाकीत 200 बारच्या आसपास दाब असतो.

पहिला प्रश्न असा की इंजिन सगळेच अडखळते आहे, की एकच सिलिंडर काम चुकवते आहे? हे ठरल्याशिवाय पुढचे सगळे अंदाजच राहतात. इंजिन पूर्ण तापू द्यावे, एसी बंद ठेवावा, गाडी पेट्रोलवर घ्यावी आणि चालू इंजिनवर एकेका पेट्रोल इंजेक्टरचा कनेक्टर काही क्षण काढून परत लावावा. चांगल्या सिलिंडरचा कनेक्टर काढताच इंजिन लगेच खाली बसते आणि थरथर वाढते. ज्या सिलिंडरचा कनेक्टर काढूनही काहीच फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हते, असे समजावे. इंजिनचा कंट्रोलर आरपीएम सावरून घेतो, म्हणून काट्यापेक्षा पहिल्या क्षणाच्या आवाजावर लक्ष ठेवावे. बरेच मेकॅनिक यासाठी कॉइलचा (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाचा) कनेक्टर काढतात, पण तसे केल्यास न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेत धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते आणि तो तापून खराब होऊ शकतो. या चाचणीत चेक इंजिनचा दिवा लागण्याची शक्यता असते. तो नंतर स्कॅनरने घालवता येतो.

समजा, तिसऱ्या सिलिंडरवर फरक पडला नाही. मग तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावून तीच चाचणी पुन्हा करावी. दोष कॉइलबरोबर पहिल्या सिलिंडरवर गेला, तर कॉइल खराब आहे आणि शोध तिथेच संपला. दोष तिसऱ्यावरच राहिला, तर प्लगची अदलाबदल करून पाहावी. प्लग नवे असले तरी ही पायरी गाळू नये, कारण बसवताना पाना तिरका झाला की चिनीमातीला केसासारखी चीर पडते आणि ठिणगी त्या चिरेतून बाहेरच्या बाहेर निसटते. प्लग उजेडात धरून फिरवला की पांढऱ्या भागावर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते, ती याची खूण आहे. कॉइल बाहेर काढली की प्लगच्या खोबणीतही टॉर्च मारून पाहावे. टॅपेट कव्हरचे (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचे) गॅसकेट जुने झाले की तिथे ऑइल साचते, कॉइलचे रबर फुगते आणि ठिणगी कमजोर होते. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे ठिणगीचा दोष असेल तर त्रास गॅसवर ठळकपणे जास्त जाणवतो. आपल्याकडे दोन्हींवर तो सारखाच असल्यामुळे ठिणगीवरचा माझा संशय थोडा कमी आहे, पण तपासणी फुकट आहे, तेव्हा ती करूनच पुढे जावे.

यानंतर हवा. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसते चालू असताना, थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) व्हॅक्यूम जोरात असतो आणि इंजिनला लागणारी एकूण हवाच थोडी असते. अशा वेळी एखाद्या फटीतून आत येणारी हवा मिश्रणाचा तोल बिघडवायला पुरेशी ठरते. रेस दिली की एकूण हवा कितीतरी पटींनी वाढते आणि फटीतली हवा त्यात नगण्य होते. म्हणूनच ‘रेस दिल्यावर सुरळीत होते’ हे लक्षण हवेच्या गळतीशी चांगले जुळते. आपल्या गाडीत गळतीची एक जादा जागा आहे, ती म्हणजे किट बसवताना मॅनिफोल्डला भोके पाडून लावलेले गॅसचे नोझल. त्यांच्या बुडाशी आणि छोट्या रबरी नळ्यांवर नीट नजर टाकावी. दहा वर्षे इंजिनच्या उष्णतेत राहिलेले रबर वाकवले की त्यावर बारीक तडे उघडतात. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल, तर उंदरांनी नळ्या कुरतडल्या आहेत का, हेही पाहावे.

गळती शोधण्यासाठी इंजिन चालू असताना प्रत्येक व्हॅक्यूम नळी कापड गुंडाळलेल्या पकडीने हलकेच चिमटावी. ब्रेक बूस्टरची (व्हॅक्यूमच्या मदतीने ब्रेकला जोर देणाऱ्या भागाची) नळी चिमटल्यावर थरथर थांबली, तर बूस्टर हवा ओढतो आहे. ही तपासणी गाडी उभी असतानाच करावी आणि नळी लगेच मोकळी करावी. कॅनिस्टरकडून (पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याकडून) येणारी नळी पर्ज व्हॉल्व्हपासून (ती वाफ इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हपासून) काढून व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडावर बोट ठेवावे. आयडलिंगला तिथे सतत जोराची ओढ लागत असेल, तर व्हॉल्व्ह उघडाच अडकला असण्याची शक्यता आहे. पेट्रोल भरल्यानंतर लगेच गाडी चालू व्हायला त्रास देत असेल, तर ही शंका आणखी पक्की होते. मॅनिफोल्डच्या गॅसकेटवर आणि नोझलच्या बुडाशी कपड्यांना इस्त्री करताना वापरतो त्या फवाऱ्याने अगदी थोडे पाणी मारावे, मात्र कॉइल आणि कनेक्टर कोरडे ठेवावेत. पाण्याने फट क्षणभर बुजते आणि इंजिनचा आवाज बदलतो. यासाठी पेट्रोल किंवा ब्रेक क्लीनर फवारण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर आग लागू शकते आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर तापला की त्यापासून विषारी वायू तयार होतो.

ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी ॲडॉप्टर (कंट्रोलरमधली माहिती मोबाइलवर दाखवणारा) हाताशी असेल, तर फ्युएल ट्रिमचे (कंट्रोलर पेट्रोल किती टक्के वाढवतो वा घटवतो त्याचे) आकडे पेट्रोलवर दोनदा वाचावेत, एकदा आयडलिंगला आणि एकदा 2500 आरपीएमला. आयडलिंगला ट्रिम अधिक 15 ते 20 टक्के आणि 2500 ला शून्याकडे उतरलेला असेल, तर हवेची गळती जवळपास नक्की समजावी. उलट रेस दिल्यावर तो वाढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतो आहे. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. आता मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या गाडीत ट्रिम मुळातच काही टक्के वर असू शकतो. त्याला गळती समजू नये. आणि हवा थेट मोजण्याऐवजी मॅनिफोल्डमधल्या दाबावरून अंदाज घेणाऱ्या गाड्यांत, ज्या आपल्याकडच्या छोट्या गाड्यांमध्ये बऱ्याच आहेत, गळतीमुळे ट्रिम फारसा न हलता नुसते आयडलिंगच वाढलेले दिसू शकते. त्यामुळे आकडे ठीक आले तरी नळ्यांची प्रत्यक्ष तपासणी टाळू नये.

ठिणगी आणि हवा दोन्ही चांगली निघाली, तर टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले भाग) तपासावेत. सीएनजीवर बरीच चाललेल्या गाडीत माझा सर्वांत जास्त संशय इथेच असतो. गॅस कोरडा जळतो, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारा) आणि त्याची सीट (मिटल्यावर तो टेकतो ती कडा) पेट्रोलच्या तुलनेत लवकर झिजतात. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसू लागतो, त्याची दांडी वर सरकते आणि टॅपेटमधली फट हळूहळू कमी होत शेवटी संपते. मग कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावरचा) उंचवटा निघून गेल्यावरही व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन गळते. आयडलिंगला प्रत्येक स्ट्रोकला वेळ जास्त मिळतो, म्हणून गळतीही जास्त होते. रेस दिल्यावर तेवढा वेळच मिळत नाही आणि सिलिंडर पुन्हा साथ देऊ लागते. लक्षण अगदी हवेच्या गळतीसारखेच दिसते, आणि म्हणूनच हा दोष महिनोन्‌महिने सापडत नाही. त्यात आणखी एका समजाची भर पडते. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणजे टॅपेट ठीक आहेत, असे बरेच जण धरून चालतात. आवाज सैल टॅपेटचा येतो. घट्ट झालेला टॅपेट पूर्ण शांत असतो. सीएनजीवर चाललेले इंजिन नेहमीपेक्षा शांत वाटू लागले, तर मला त्याची काळजी वाटते.

पडताळणीसाठी कॉम्प्रेशन गेज लागतो. तो विकत न घेता कोणाकडून तरी मागून आणावा. इंजिन तापलेले, चारही प्लग काढलेले, इंजेक्टर व कॉइलचे कनेक्टर सुटे आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशा स्थितीत प्रत्येक सिलिंडरवर सारखेच काही सेकंद स्टार्टर फिरवावा. अमुक आकडा येतो की नाही यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा आहे. एक सिलिंडर इतरांपेक्षा 10 टक्क्यांहून बरेच खाली असेल, तर प्लगच्या भोकातून त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. तो जवळजवळ तसाच राहिला तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा आहे आणि टॅपेटची फट मोजण्यावाचून पर्याय नाही.

फट मोजणे घरी जमते. इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे, टॅपेट कव्हर काढावे, क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवावे आणि ज्या व्हॉल्व्हवरचा कॅमचा उंचवटा वर वळला असेल, तिथे फीलर गेजची (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या संचातली) पाती सरकवून पाहावी. सर्वांत पातळ पातीही आत जात नसेल, तर आणखी पुरावा लागत नाही. किती फट हवी, हे त्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावे, कारण इनटेक आणि एक्झॉस्टचे माप वेगळे असते. काही इंजिनांत हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे) टॅपेट असतात आणि त्यांत मोजण्यासारखी फटच नसते, हेही आधी पाहून घ्यावे. फट दुरुस्त करणे मात्र हेडचे काम जाणणाऱ्या माणसाकडेच द्यावे. स्क्रू-नटची रचना असेल तर ते थोडक्यात होते. शिम किंवा बकेट (फट ठरवणारी चकती किंवा वाटी) बदलायची असेल तर कॅमशाफ्ट काढावा लागतो आणि टायमिंग चेनला हात लागतो.

इंजिन माउंटिंगविषयीही (इंजिन पेलणाऱ्या रबरी आधारांविषयीही) आपण विचारले होते. सायलेन्सरच्या तोंडाशी आवाज एका लयीत येत असेल, आरपीएमचा काटा स्थिर असेल आणि हादरे फक्त केबिनमध्ये जाणवत असतील, तर माउंटिंग तपासावे. लय मध्येच तुटत असेल, तर नवे माउंटिंग हादरे कमी करील, पण बिघाड तसाच राहील. बॅटरीकडून इंजिनला येणारी अर्थची पट्टी काढून, घासून परत घट्ट बसवावी. साफ केलेल्या थ्रॉटलचे आयडल रिलर्निंग (कंट्रोलरला आयडलिंगची स्थिती नव्याने शिकवणे) झाले आहे का, हेही गॅरेजमध्ये विचारून घ्यावे.

गॅरेजमध्ये परत जाताना कोणते सिलिंडर कमजोर आहे, चौघांचे कॉम्प्रेशन किती आले आणि कोणत्या व्हॉल्व्हची फट किती भरली, हे कागदावर लिहून न्यावे आणि त्या आकड्यांवर बोलावे. आकडे इथे लिहिलेत, तर मीही पाहून माझे मत कळवीन; मात्र कॉम्प्रेशन एका सिलिंडरमध्ये खूपच खाली आले असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी हायवेवर नेऊ नये, कारण न मिटणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर टेकून थंड होऊ शकत नाही आणि लांबच्या प्रवासात तो जळतो.