वाचकांचे प्रश्न : भांड्यांच्या दालनात कंटाळा येतो तेव्हा

प्रश्न : ताई, गेल्या महिन्यात अथेन्सला जाऊन आलो. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात मायसिनी या प्राचीन ग्रीक नगरीतला सोन्याचा मुखवटा पाहून भान हरपलं, पण मातीच्या भांड्यांच्या दालनात अर्ध्या तासात कंटाळलो. सगळी सारखीच वाटायला लागली. मध्ययुगीन पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातली, म्हणजे बायझंटाइन चर्चही बुटकी आणि अंधारी दिसली. पुढच्या वर्षी पुन्हा जायचंय. यात नेमकं काय पाहायचं?

उत्तर : भांडी सारखी वाटली यात तुमचा काही दोष नाही. काचेमागे शंभर भांडी ओळीने मांडली की कुणाचाही डोळा थकतो. ती ओळीत पाहायला घडवलेलीच नव्हती. पुढच्या वेळी तीनच निवडा आणि बाकीच्यांकडे खुशाल पाठ फिरवा.

पहिलं कुठलंही काळं-तांबडं भांडं घ्या आणि फक्त त्याचा काळा बघा. तो रंग नव्हेच. ती तीच माती, गाळून गाळून अगदी बारीक केलेली. भट्टीत आधी हवा खेळती ठेवत, मग ती कोंडून ओली लाकडं घालत. धुराने सगळंच काळं पडे. शेवटी पुन्हा हवा सोडली की भांड्याचं अंग परत तांबडं होई, पण बारीक मातीचा थर तोवर काचेसारखा घट्ट झालेला असे. तो काळाच राही. हे सगळं एकाच भाजणीत! अंदाज जरा चुकला की काळ्यात तांबूस डाग उमटे. असा डाग दिसला की मी तिथून हलत नाही. भट्टीपाशी बसून धूर निरखणारा माणूस मला त्या डागात दिसतो.

दुसरं, पांढऱ्या अंगाचं लेकिथोस. उंच, निमुळतं, मृतांना तेल वाहायचं भांडं. यांतल्या काहींच्या आत, गळ्याच्या खाली, एक लहानशी वाटी बसवलेली असते. भांडं काठोकाठ भरलेलं दिसावं, पण महागाचं तेल थोडकंच लागावं. मला ही फसवणूक वाटत नाही. ऐपत कमी, पण आपल्या माणसाला भरलं भांडं देण्याची ओढ तेवढीच, असं मला त्यात दिसतं.

तिसरं दिपिलोनचं, म्हणजे अथेन्सच्या त्या नावाच्या प्राचीन वेशीजवळच्या दफनभूमीतलं, इसवी सनपूर्व आठव्या शतकातलं, दीड मीटरहून उंच. ते थडग्यावर खूण म्हणून उभं असे. नागमोडी चौकटींच्या पट्ट्यांनी अंग भरलेलं, आणि मधल्या एका पट्टीत तिरडीवर निजलेली बाई. भोवतीच्या माणसांची धडं नुसते त्रिकोण आहेत, चेहरे नाहीत. दोन्ही हात मात्र डोक्यावर नेलेले. चेहऱ्याशिवाय रडणं दाखवलंय. एवढं एकच भांडं पाहिलंत तरी तिकिटाचे पैसे वसूल.

आता चर्च. अंधारी म्हणालात, ते खरं आहे. पण आत शिरून लगेच बाहेर पडू नका, दहा मिनिटं बसा. अथेन्सजवळच्या दाफ्नी मठातलं किंवा डेल्फीच्या वाटेवरच्या ओसिओस लुकास मठातलं चर्च घ्या, दोन्ही अकराव्या शतकातली. तिथल्या भिंतींवर मोझेइक, म्हणजे बारीक तुकडे जोडून केलेली चित्रं आहेत; त्यांतल्या सोनेरी तुकड्यांत काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख असतो. भिंतीत ते मुद्दाम थोडे तिरके बसवत, म्हणजे तेलाच्या दिव्याची ज्योत हलली की प्रत्येक तुकडा वेगळ्या क्षणी चमके. हे सोनं अंधारासाठीच बनवलेलं आहे. दाफ्नीच्या घुमटातला ख्रिस्त रागीट दिसतो असं बरेच जण म्हणतात. मला तो थकलेला वाटतो.

आणि अथेन्समध्येच, मोठ्या कॅथेड्रलच्या शेजारी, लहान मित्रोपोलिस हे चर्च आहे. तिथे आत जायची घाई करू नका, आधी बाहेरून फिरा. भिंतीत जुन्या इमारतींचे कोरीव संगमरवर जागोजाग बसवलेत. पश्चिमेच्या दारावर प्राचीन अथेन्सच्या वर्षभराच्या सणांचा शिल्पपट्ट आहे, आणि त्यात अथेनादेवीच्या उत्सवाचं चाकांवरचं जहाज. त्या जहाजावर बांधणाऱ्यांनी वर्तुळात क्रूस कोरला. देवीचा सण पुसायचा होता की पवित्र करून घ्यायचा होता? माझं मत दुसऱ्या बाजूने पडतं. नुसतं नकोच असतं, तर दगड उलटा बसवता आला असता.

छोटी दुर्बीण बरोबर ठेवा आणि तिथे दुपार कलल्यावर जा. भिंत पश्चिमेची आहे, उन्हं तिरपी पडली की कोरीव काम उठून दिसतं.